रगडा कमी कर, वही उघड

पत्र: सुभेदारकाका, सप्रेम नमस्कार. मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातला. एनसीसीचं ‘सी’ सर्टिफिकेट काढलं, पण भरतीचं वय निघून गेलं. आता वाळपईजवळ आमच्या गावच्या मैदानावर अग्निवीर भरतीची तयारी करणाऱ्यांना मी फुकट शिकवतो. २१ मुलगे, ६ मुली. पहाटे साडेपाचला हजेरी. रोज पाच किलोमीटर दौड, सगळे एका रांगेत, मी पुढे. नंतर पुल-अप, दंड, बैठका. दर शनिवारी १६०० मीटर वेळ लावून. रविवारी टेम्पोने केरीच्या किनाऱ्यावर सुक्या वाळूत दौड. उशिरा येणाऱ्याला ५० बेडूकउड्या. पाचवा आठवडा चालू आहे आणि रॅली अडीच महिन्यांवर. आता सोळा-सतराच येतात. दोन मुलगे आणि एक मुलगी यांच्या नडग्या दुखतात. गेल्या मंगळवारी एक मुलगा दौड संपवून उभा राहिला आणि कोसळला. पाणी शिंपडल्यावर दोन मिनिटांत उठून नीट बोलायला लागला. तो पिसुर्ल्याला रात्रपाळी करून येतो, त्यामुळे त्या दिवशीही उशीर झाला होता. काही पालक म्हणतात, मी पोरांना मारणार. बाबा म्हणतात, सैन्यात जायचं तर हाल सोसायलाच हवेत. मी ढिला पडलो तर शिस्त जाईल. कडक राहू की सैल सोडू?

प्रिय सत्तरीकरा,

तुझा प्रश्न पत्राच्या शेवटी आहे. मी मात्र त्या कोसळलेल्या मुलापासून सुरू करतो, कारण बाकी सगळं चार दिवस थांबलं तरी चालेल.

रात्रभर कारखान्यात उभं राहून काम, डोळ्याला डोळा नाही, पोटात फार तर चहा आणि पाव. आल्या आल्या ५० बेडूकउड्या, आणि मांड्या थरथरत असतानाच पाच किलोमीटर. हा मुलगा पडला नसता तर मला आश्चर्य वाटलं असतं. तो दोन मिनिटांत शुद्धीवर येऊन नीट बोलायला लागला, त्यावरून बहुधा साधी घेरी असावी. धावताना पोटऱ्यांचे स्नायू पायातलं रक्त वर ढकलत असतात. माणूस एकदम थांबून उभा राहिला की ते ढकलणं थांबतं, रक्त पायात साचतं आणि डोक्याला कमी पडतं. म्हणून उद्यापासून एक नियम कर: दौड संपल्यावर कोणी उभं राहायचं नाही, बसायचं नाही, दोन-तीन मिनिटं चालतच राहायचं. त्या मुलाला मात्र पुन्हा पळवण्याआधी डॉक्टरकडे ने. छातीत धडधड होते का, घरात कोणी तरुण वयात अचानक गेलं आहे का, हे दोन प्रश्न डॉक्टर विचारतीलच, पण तूही विचारून ठेव. खरं तर हे सगळ्यांनाच पहिल्या दिवशी विचारायला हवं.

पण पुढचा मुलगा पडेल तेव्हा ती साधी घेरी असेलच असं नाही. धावता धावता कोणी लटपटायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, विनाकारण चिडला, आपण कुठे आहोत हे त्याला सांगता येईना आणि अंग तापलेलं लागलं, तर तो उष्माघात समजायचा. घाम येतोय म्हणून उष्माघात नाही, असं कोणी सांगितलं तर ऐकू नकोस. व्यायामाने येणाऱ्या उष्माघातात घाम बऱ्याचदा चालूच असतो. अशा वेळी आधी अंग थंड करायचं, मग हलवायचं. एकाने १०८ला फोन लावायचा, बाकीच्यांनी त्याला सावलीत आडवा करून विहिरीचं, टाकीचं, मिळेल ते गार पाणी सतत ओतत राहायचं, ओली चादर घालायची, वारा घालायचा. मोठी टाकी किंवा टब असेल तर डोकं पाण्याबाहेर धरून गळ्यापर्यंत बुडवायचं. रुग्णवाहिकेची वाट बघत नुसतं भोवती उभं राहण्यात जे जातं ते परत मिळत नाही. आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतायचं नाही.

गोव्यात हे जास्त जपायला लागतं. १९५०च्या दशकात अमेरिकेच्या मरीन दलाच्या पॅरिस आयलंड या प्रशिक्षण केंद्रावर रिक्रूट उष्म्याने पडत होते. तिथल्या अनुभवावरून याग्लू आणि मिनार्ड या दोघांनी १९५७ साली उष्णतेचा अंदाज घ्यायची एक रीत मांडली. सैन्यं आणि क्रीडासंस्था अजून तीच वापरतात. तिच्यात साध्या तापमापकाच्या आकड्याला वजन दहा टक्के, उन्हाच्या झळीला वीस टक्के, आणि ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापकाला तब्बल सत्तर टक्के. म्हणजे ऊन किती यापेक्षा हवा किती दमट आहे, याला जास्त किंमत. घाम अंगावरून नुसता ओघळून काही होत नाही, तो सुकला तर अंग गार होतं. पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात आपल्याकडे बनियन पिळून निघतं ते यामुळेच. सोलापूरकडच्या मुलाला जी दौड झेपते ती तेवढ्याच तापमानात वाळपईच्या मुलाला झेपेल असं नाही. तुझी साडेपाचची वेळ उत्तम, फक्त ऊन चढायच्या आत आटपत जा. नवीन मुलाला, किंवा ताप-जुलाबातून उठून आलेल्याला, अंगवळणी पडायला दहा ते चौदा दिवस दे. पाण्याची बादली मैदानाच्या कडेला ठेव आणि कोणी पाणी प्यायला गेला तर त्याच्याकडे बघून हसू नकोस. (आमच्या वेळी पाणी मागणारा कच्चा ठरायचा. त्या मूर्खपणालाही लोक परंपरा म्हणायचे.)

आता बेडूकउड्या.

रगडा, म्हणजे शिक्षा म्हणून करून घेतलेला व्यायाम, मीही खाल्ला आहे आणि दिलाही आहे. सैन्यात उस्तादाला, म्हणजे शिकवणाऱ्याला, शिव्या देत रगडा खाणं आणि नंतर कॅन्टीनमध्ये त्यावर हसणं, यात एक मजाही असते, ती मी नाकारत नाही. पण तिथल्या रिक्रूटचं जेवण, झोप, कामाचे तास सगळं सैन्याच्या हातात असतं. रात्री तो कारखान्यात नसतो. आणि एवढं असूनही ज्या सैन्यांनी याचा नीट विचार केला त्यांनी लगाम घातलाच. अमेरिकन लष्कराच्या २०१२च्या शारीरिक प्रशिक्षण पुस्तिकेत चूक सुधारण्यासाठी व्यायाम द्यायचा तर ठरावीक व्यायामांपैकी एकच, आणि पाचपेक्षा जास्त वेळा नाही, असं लिहिलं आहे. पाच! तुझ्या ५०च्या दहावा हिस्सा. कारण सोपं आहे. शिक्षेचे व्यायाम कोणाच्या हिशोबात नसतात. तू आठवड्याचा भार नीट आखलास आणि वर रागाच्या भरात ५० उड्या टाकल्यास, तर आखणी गेली. शिवाय एकदम अंगावर पडलेल्या असल्या उड्यांनी मांडीचे स्नायू इतके फाटू शकतात की त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडावर येतात. उड्यांनंतर एक-दोन दिवसांत कोणाच्या मांड्या टणक सुजल्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी झाली, तर त्याला विश्रांती घे म्हणून घरी पाठवायचं नाही, थेट बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजात न्यायचं.

आणखी एक. ज्या व्यायामाने त्याला भरती मिळायची, तोच तू त्याला शिक्षा म्हणून देतोस. मग त्याला व्यायाम आवडावा कसा?

मग उशिरा येणाऱ्याचं काय? कामं दे. दोर गुंडाळणं, पाण्याची बादली भरून आणणं, दुसऱ्या दिवशी सर्वांआधी येऊन चुन्याच्या रेघा मारणं. हे सरपंचाच्या मुलालाही आणि तुझ्या चुलतभावालाही. आणि रात्रपाळीवाल्या मुलाला या हिशोबातून पूर्ण बाहेर काढ. तो आळशी नाही. रात्रभर राबून घरी जाऊन झोपण्याऐवजी मैदानावर येतो, तुझ्या सत्तावीस जणांत त्याच्याइतकी जिद्द किती जणांत आहे ते मोजून बघ. त्याला सकाळी झोपू दे, संध्याकाळी पाचला मैदानावर बोलाव. तसे आणखी दोघे-तिघे निघतील. तुला जमत नसेल तर त्यांच्यातल्याच एकाच्या हातात शिट्टी दे.

आता मुख्य आखणीकडे येतो. अमेरिकन लष्कराच्या १९९२च्या जुन्या पुस्तिकेत शारीरिक प्रशिक्षणाची सात तत्त्वं दिली आहेत: नियमितपणा, टप्प्याटप्प्याने वाढ, समतोल, वैविध्य, ज्याची परीक्षा त्याचाच सराव, पुरेशी विश्रांती आणि सवयीपेक्षा थोडा जास्त भार. सैन्य कुठलंही असो, पुण्याच्या आर्मी इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल ट्रेनिंगमध्ये घडलेला उस्तादही फिरून याच गोष्टी सांगेल. यातला नियमितपणा तुझ्याकडे आहे, भार तर गरजेपेक्षा जास्त आहे. वैविध्य आणि समतोल यांच्यावर मी वेळ घालवत नाही, ते आपोआप येतील. तुझं घोडं अडलंय ते वाढ, विश्रांती आणि नेमका सराव या तीन ठिकाणी.

पहिल्या दिवसापासून पाच किलोमीटर. कोणी कालपर्यंत बसस्टॉपवर चालत गेला नसेल, त्यालाही पाच. आठवड्यातले सातही दिवस, वर शनिवारी चाचणी आणि रविवारी वाळू. भाताला महिन्याचं खत एका सकाळी टाकलं तर रोप जळतं, हे तुझ्या घरी सगळ्यांना माहीत असणार.

इथे शरीराची एक लबाडी समजून घे. दम लवकर वाढतो. दोन-तीन आठवड्यांत मुलाला वाटतं, आता आपण तयार. पण हाड एवढं चपळ नसतं. नवा भार पडला की हाड आधी आतून थोडं पोखरलं जातं आणि मग नव्याने भरून येतं. पोखरणं पटकन होतं, भरून टणक व्हायला मात्र महिने लागतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात म्हणूनच दम पुढे आणि हाड मागे अशी स्थिती असते. तुझा पाचवा आठवडा चालू आहे आणि तिघांच्या नडग्या बोलायला लागल्या आहेत. यात नवल काही नाही. प्रशियाच्या सैन्यातल्या ब्राइटहाउप्ट नावाच्या डॉक्टराने कूच करणाऱ्या शिपायांचे सुजलेले, दुखरे पाय १८५५ साली लिहून ठेवले, तेव्हा तर क्ष-किरणही सापडले नव्हते. पुढे कळलं की ती हाडाला गेलेली बारीक चीर होती.

तिघांना बसवून नडगीच्या आतल्या कडेवर अंगठ्याने हळूहळू दाबत वरून खाली ये. वीतभर लांबीत सगळीकडे थोडं थोडं दुखत असेल तर दौड निम्म्यावर आण, डांबरी रस्ता सोड, बूट बघ, दोन आठवड्यांत उतार पडेल. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर मुलगा कळवळला, एका पायावर उडी मारता आली नाही किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर दौड तिथेच बंद आणि हाडांचे डॉक्टर. पहिले दोन-तीन आठवडे अशी चीर एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, तेव्हा ‘फोटो क्लीन आला’ म्हणून त्याला परत पळवू नकोस. मुलीच्या बाबतीत तिच्या आईशी किंवा गावच्या आशाताईंशी बोलून घे. पाळी लांबली आहे का, पोटभर जेवते का, हिमोग्लोबिन किती, हे तू विचारू नकोस, त्यांना विचारायला सांग. कमी खाऊन जास्त पळणाऱ्या मुलींची पाळी थांबते आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात.

या तिघांना घरी मात्र बसवू नकोस, एकदा बसलेला परत येत नाही. सायकल आहे, लटकणं आहे, पोटाचे व्यायाम आहेत. आणि त्यांच्या हातात स्टॉपवॉच आणि वही दे.

वहीबद्दल तुझ्या पत्रात एक अक्षर नाही, म्हणून सांगतो. १८६० साली ब्रिटिश सैन्याने बारा जणांना ऑक्सफर्डला आर्किबाल्ड मॅकलॅरेन या व्यायामशिक्षकाकडे पाठवलं. त्यांच्यातूनच पुढे त्या सैन्याचं शारीरिक प्रशिक्षणाचं दल उभं राहिलं. ते बारा जण वयाने, उंचीने, बांध्याने सारखे नव्हते. मॅकलॅरेनने त्यांची मापं घेतली, लिहून ठेवली आणि प्रत्येकाला त्याच्या कुवतीने पुढे नेलं. तू शंभर पानी वही घे. प्रत्येकाला दोन पानं. १६०० मीटरची वेळ, पुल-अप, वजन, काल झोप किती, कुठे दुखतंय. रोज प्रत्येकामागे अर्धा मिनिट पुरतं. नडगीचं दुखणं तिसऱ्या आठवड्यातच वहीत आलं असतं.

आता तुझी जागा. तू पुढे धावतोस याचा तुला अभिमान आहे, पत्रात तसं दिसतंय. रागावू नकोस, पण तुझी भरती नाही. तुझ्या वेळेचं कोणाला काय करायचंय? पुढे धावणाऱ्याला मागे कोण लंगडतोय, कोणाचा चेहरा पांढरा पडलाय, कोण झाडीआड थांबून ओकतोय हे दिसत नाही. शिवाय सगळ्यांना तुझ्या वेगाने ओढलं की वेगवान मुलांचा तो नुसता फेरफटका होतो आणि मागच्यांची रोज शर्यत. पुढच्यांची प्रगती होत नाही आणि मागचे मोडतात. दहा जण गळाले म्हणतोस, ते कुठले होते ते आठव. सगळे मागचे असणार.

म्हणून गट कर. अमेरिकन सैन्यात दौडीची वेळ लावून तिच्यावरून गट पाडतात आणि प्रत्येक गट आपल्या वेगाने धावतो, तेच तुला लागेल. या शनिवारी टेपने मोजलेल्या १६०० मीटरवर वेळ घे. (‘मैदानाच्या पाच फेऱ्या’ असं चालणार नाही. फुटबॉल मैदानाच्या कोपऱ्यांवर पोरं आत घुसतात आणि फेरीमागे वीस-वीस मीटर खातात. कोपऱ्यांवर दगड ठेव.) मुलग्यांत सहा मिनिटांच्या आतले एक, सहा ते सात दुसरे, बाकी तिसरे. मुली आपापल्या वेळेप्रमाणे याच गटांत. प्रत्येक गटाला पुढारी नेम, पण सर्वांत वेगवान मुलाला नको. मागच्याला हाक मारून सोबत आणणारा शोध, असा एखादा प्रत्येक गावात असतो. तू तिसऱ्या गटाच्या मागे राहा. त्यांच्याबरोबर घाम गाळ, ते हवंच. खुर्ची टाकून शिट्टी मारणारा उस्ताद कोणाला नको असतो.

एकत्र धावण्यातली एकजूट जाईल, अशी भीती असेल तर शेवटची दहा मिनिटं सगळे मिळून सावकाश, घोषणा देत. बुटकी मुलं-मुली पुढे, उंच मागे. ठेक्यात चालताना बुटक्यांना उंचांच्या बरोबरीने लांब ढांग टाकायला लागली की कमरेच्या हाडांवर ताण येतो. ऑस्ट्रेलियन सैन्यात महिला रिक्रूटच्या कमरेच्या हाडांना चिरा जायला लागल्या, तेव्हा कूच सावकाश करून आणि प्रत्येकीला आपली ढांग टाकू देऊन तो प्रकार आटोक्यात आणला गेला.

नेमका सराव म्हणजे काय, ते आकड्यांत सांगतो. मुलग्यांना १६०० मीटर ५ मिनिटे ३० सेकंदांत केले तर ६० गुण. एक सेकंद जास्त झाला की ४८. दहा पुल-अपला ४०, नऊला ३३. नऊ फुटांचा खड्डा ओलांडणं आणि नागमोडी पट्टीवर तोल सांभाळत चालणं यांना गुण नाहीत, फक्त पार व्हायचं. मिलिटरी पोलीसमध्ये जाणाऱ्या मुलींना १६०० मीटर साडेसात मिनिटांत, दहा फूट लांब उडी, तीन फूट उंच उडी. त्यांना पुल-अप नाहीतच! तुझ्या सहा मुली रोज बारला लोंबकळतात, आणि उडीचं नाव तुझ्या पत्रात नाही. जाहिरात दर वर्षी स्वतः वाच, नियम बदलत असतात.

साडेपाच मिनिटं म्हणजे दर ४०० मीटरला साडेब्याऐंशी सेकंद. रोज पाच किलोमीटर रेंगाळून पायांना तो वेग कळणार नाही. सोमवारी पहिल्या गटाकडून ४०० मीटरच्या चार फेऱ्या ८२ सेकंदांत करून घे, मध्ये २०० मीटर चालणं. दर आठवड्याला एक वाढवत सहावर ने आणि तिथे थांब. दुसरा आणि तिसरा गट आपल्या सध्याच्या वेळेपेक्षा फेरीमागे दोन-तीन सेकंद वेगाने, एवढंच. मुलींना साडेसात मिनिटांसाठी फेरीला ११२ सेकंद पुरतात. बुधवारी अर्धा तास सावकाश, शेजारच्याशी बोलता येईल इतका सावकाश. शुक्रवारी ८००चे दोन किंवा थोडी दमवणारी वीस मिनिटं. मंगळवार, गुरुवार ताकदीचे. शनिवारी खड्डा, उड्या, तोल. वेळ लावून १६०० मीटर तीन आठवड्यांतून एकदा. रविवारी सुट्टी. खरी सुट्टी, केरी बंद. (पेडण्यातली केरी, सत्तरीतल्या वाचकांनी गोंधळू नये.) सुक्या वाळूत टाच रुतते आणि पोटरीची शीर ओढली जाते, आणि परीक्षा काही वाळूत नाही. किनाऱ्यावर न्यायचंच तर पोहायला ने.

पुल-अपचं बहुतेकांचं चुकतं. सहा येतात तो रोज सहा मारतो, हात थरथरेपर्यंत मारतो आणि महिन्याने सहावरच असतो. त्याला दिवसाआड तीन-तीनचे पाच-सहा संच दे, मध्ये भरपूर दम खाऊ दे. ज्याला एकही येत नाही त्याने स्टुलावरून उडी मारून हनुवटी वर न्यायची आणि पाच सेकंद मोजत खाली यायचं. असं चार-पाचदा. झोके देऊन मारलेले मोजू नकोस, रॅलीत कोणी मोजत नाही. आणि गोलपोस्टला लटकवत असशील तर आधी त्याचे पाय जमिनीत पक्के रोवलेत का ते बघ. सुटे गोलपोस्ट अंगावर येतात.

खाण्यावर फार लिहीत नाही, कारण आपल्या घरात सगळं आहे. सरावानंतर उकड्या तांदळाची पेज, मीठ घालून, लोणच्याच्या फोडीबरोबर. पाणी, मीठ, पिष्ट एका वाटीत. कडधान्य, अंडी, परवडेल तेव्हा बांगडे-तारले. डब्यातली पावडर विकणारा मैदानाच्या आसपास आला तर त्याला हाकलून दे. वेळ सुधारायची इंजेक्शनं विकणाऱ्याला पोलिसांत दे.

बाबांशी वाद घालू नकोस. हाल सोसावे लागतात हे त्यांचं म्हणणं खोटं नाही. भरती झालेल्या मुलाला पुढे बीपीईटी ही सैन्यातली शारीरिक चाचणी आहे, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर, आणि तिशीच्या आतल्याला ‘एक्सलंट’ हवं असेल तर २५ मिनिटांत. पण बेळगावला मराठा सेंटरमध्ये काय किंवा आपल्या गोव्यातल्या सिग्नल ट्रेनिंग सेंटरमध्ये काय, रिक्रूटला पहिल्या दिवशी ते सामान चढवत नाहीत, महिने घालवून तिथपर्यंत नेतात. ते हाल सोसायला मुलगा धड हाडांनी तिथे पोचायला हवा. पालकांना एका संध्याकाळी मैदानावर बोलाव आणि वही त्यांच्या समोर ठेव. गळालेल्या दहा जणांच्या घरी मात्र स्वतः जा. निरोप पाठवू नकोस.

कडक राहू की सैल सोडू, हे तू विचारलंस. वेळेबाबत, वहीबाबत, बार पकडायच्या पद्धतीबाबत आहेस त्याहून कडक हो. ८२ सेकंद सांगितले आणि मुलगा जोशात ७५ला आला तर त्यालाही बोल. उद्याच्यासाठी राखून ठेवणं त्याला शिकवायला हवं. भाराच्या बाबतीत मात्र हात आखडता घे. या येत्या आठवड्यात सगळ्यांचीच दौड निम्मी कर, नडग्यांना श्वास घेऊ दे आणि पुढच्या सोमवारी गटाने सुरू कर.

रॅलीच्या आधीचे दहा दिवस काम उतरवत ने, वेग तसाच ठेवून फेऱ्या निम्म्या. गोवा कोल्हापूरच्या भरती कार्यालयाखाली येतो, त्यामुळे बहुधा घाट चढून जायला लागेल. रात्रीच्या बसने जाऊन पहाटे थेट रांगेत उभं राहण्यापेक्षा आदल्या दुपारी पोचा. तिथे पहाटे गारठा असतो आणि आपल्या पोरांना त्याची सवय नाही, तेव्हा स्वेटर घालूनच वीस मिनिटं अंग तापवायचं आणि हाक आली की काढायचा. नवे बूट त्या दिवशी पहिल्यांदा घालायचे नाहीत. कागदपत्रांच्या मूळ प्रती आणि झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाने स्वतःच्या. एकाच्याच पिशवीत सगळ्यांचे ठेवू नका.